मावशीच्या अक्षरातली मनाई

अन्याय झाला तो माझ्या मावशीवर. कधी, तेही आधीच सांगते, म्हणजे पुढे कुणी "नक्की कधीची गोष्ट ही?" असं विचारून विषय बाजूला सारायला नको. गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, पालघरच्या किनाऱ्यावरच्या मुरबे गावातल्या बायका ओल्या बोंबलांच्या टोपल्या घेऊन किनाऱ्यावर पोचल्या तेव्हा. तिथे वलांड्या आहेत, म्हणजे बांबू रोवून, आडव्या दोऱ्या ताणून केलेली मासळी सुकवायची मांडणी. त्या वलांड्यांच्या तोंडाशी रातोरात एक पाटी उभी राहिली होती. फिकट पिवळी, कोपऱ्यात हसणारा तारामासा. वर लिहिलेलं: "इथे मासळी सुकवू नका हं! आमच्या पाहुण्यांना वास येतो."

पाटी लावली होती मागच्या बाजूला पाहुण्यांसाठी खोल्या बांधणाऱ्या एका मालकाने. किनारा त्याचा नाही. वलांड्या त्याच्या खोल्यांच्या कितीतरी आधीपासून तिथे आहेत. हा झाला एक अन्याय, आणि तो गावावर. मावशीवर झाला तो वेगळा. पाटीवरचं अक्षर तिचं होतं. पाटी तिने लिहिली नव्हती. आणि आळीतली एकूण एक बाई त्या सकाळी हेच धरून चालली, की हिनेच लिहून दिली.

नाव मी कुणाचंच घेणार नाही. पत्रकात आम्ही नाव घेतो, हुद्द्यासकट घेतो, मोठ्या टाइपात घेतो. इथे नाही, कारण मावशीनेच बजावलंय, "माजं नाव आता कुटं लिवू नको, बाय." तिने असं का म्हणावं, हे कळायचं तर तिचं अक्षर आधी कळायला हवं.

डोलीच्या, म्हणजे समुद्रात रोवून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याला खूण म्हणून मोठी पिंपं बांधतात. बोईसरच्या भंगारवाल्यांकडून आणलेली, निळी नाहीतर पांढरी, प्लास्टिकची. गावात त्यांना बोये म्हणतात. बोयावर होडीचं नाव असतं. आमच्या आळीतल्या बोयांवरची नावं मावशी लिहिते, लग्न होऊन आली तेव्हापासून. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा ती ओटीवर बसते, पिंप दोन गुडघ्यांत धरते आणि ऑइल पेंटने लिहायला घेते. पिंप गोल. एका बैठकीत सगळं नाव समोर येत नाही. म्हणून ती एक अक्षर लिहिते, गुडघ्याने पिंप जरा ढकलते, दुसरं लिहिते. त्यामुळे तिच्या शब्दावरून एक सलग शिरोरेषा जात नाही, प्रत्येक अक्षर आपली टोपी आपण घालून येतं. एक वर चढलेलं, एक खाली घसरलेलं, एक मागे रेलून बसलेलं. वेलांटी ती पिंप फिरत असतानाच ओढते, म्हणून वेलांटी वाजवीपेक्षा लांब जाते आणि शेवटी टुणकन उडी मारते. कुठल्याही शाळेत या अक्षराला मार्क मिळाले नसते. पण बघणारा हसतो, आणि हसता हसता वाचून टाकतो.

आणखी एक गोष्ट. वादळात तुटून वाहत गेलेला बोया ज्याला सापडतो, तो वरचं नाव वाचून ज्याचा त्याला परत करतो. हे कुठल्या कायद्यात नाही, पण सगळा किनारा पाळतो. मावशीच्या हातचा बोया असेल आणि नाव खाऱ्या पाण्याने अर्धं खाल्लेलं असेल, तरी एखादी उडी मारणारी वेलांटी शिल्लक असली की पुरे. "मुरब्याच्या त्या बाईचं अक्षर," म्हणत लोक तो थेट तिच्या दारात आणून टाकतात. मग त्यांना चहा मिळतो. सांगायचं हे, की आमच्याकडे हात ओळखतात. हात दिसला, की ते त्या माणसाने स्वतः येऊन सांगितल्यासारखं असतं. त्यावर कुणी शंका घेत नाही.

या अक्षरावर मी लहानपणापासून जळते. माझं अक्षर सरळ, ठोकळेबाज, शाळेच्या फळ्यावरच्या सूचनेसारखं. सुट्टीत मुरब्याला गेले, की मी तिच्या शेजारी ब्रश घेऊन बसायचे. एकदा तिने मला एक अख्खं पिंप दिलं. मी लिहिलेलं नाव बघून ती म्हणाली, "तुजं अक्षर पोलिसासारकं उभं हाय." मग तिने रॉकेलच्या फडक्याने ते पुसलं आणि त्यावर आपण लिहिलं. मी पुढे चळवळीत गेले, पत्रकं लिहायला लागले, पालघरच्या एका छोट्या खोलीत संगणकावर बसून तोच तो ठरलेला, सगळ्या सरकारी जाहिरातींत असतो तो टाइप वापरून मागण्या मांडायला लागले. माझ्या मागण्या बरोबर असायच्या. अक्षर मात्र तेच, उभं, पोलिसाचं.

मावशीकडे माझ्या मैत्रिणीला मीच घेऊन गेले. ती तारापूरच्या कॉलनीत वाढलेली, शाळेत माझ्या बाकावर बसणारी, पुढे मुंबईत जाऊन अक्षरांचं डिझाइन शिकलेली. आता बोईसरला घरी बसून ते काम करते. जेवायला म्हणून नेलं होतं. मुरब्यात उतरल्या उतरल्या ती एका होडीशी टेकवून ठेवलेल्या बोयांसमोर उकिडवी बसली, ती उठेचना. "हे कुणी लिहिलंय?" तिने विचारलं. मी म्हटलं, माझ्या मावशीने. "आणि तू मला आजपर्यंत सांगितलं नाहीस?" हे ती अशा सुरात म्हणाली, जणू मी तिची वस्तू दाबून ठेवली होती.

जे मी जन्मभर बघत आले, ते तिने एका दुपारी बघितलं. मला ते फक्त हवंहवंसं वाटत आलं होतं. तिला ते दिसलं. टोपी प्रत्येक अक्षराची वेगळी आहे, हे तिने सांगेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. वर मी लिहिलेलं अक्षराचं सगळं वर्णन तिच्याकडून उचललेलं आहे, हेही लिहून टाकते. चिडूनच लिहिते.

त्यानंतर ती माझ्याशिवाय मुरब्याला जायला लागली. जेवण झालं की दोघी ओटीवर बसायच्या. मैत्रीण कागदाचा मोठा रोल न्यायची आणि मावशीला म्हणायची, कागद नको, तुमच्या पिंपावरच लिहा, मी फोटो काढते. बोयांवर नुसती नावं असतात, त्यामुळे कितीतरी अक्षरं मावशीने कधी लिहिलेलीच नव्हती. ढ नाही, ङ नाही, प्रश्नचिन्ह नाही. प्रश्नचिन्ह काढायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "दर्यावर कोन कोनाला इचारतंय?" उद्गारचिन्ह तिने काढलं ते वलांडीवर टांगलेल्या बोंबलासारखं, वरून खाली लोंबतं, आणि खाली एक थेंब. दोघी त्यावर किती हसल्या, ते मैत्रिणीने मला फोनवर सांगितलं. सांगताना पुन्हा हसली.

एकदा मी मध्येच जाऊन पोचले. मावशीने मला बघितलं आणि म्हणाली, "ये. बस जरा. ही बाय बग कशी बसून ऱ्हाते. तू आली की चालली." बाय हा माझा शब्द होता. मला हाक मारायचा. मैत्रीण तिला मावशी म्हणत होती, तेही माझंच. मी चहा न घेता परतले. पालघरला येऊन कुठल्याही रस्त्यावरच्या खड्ड्यांवर चालेल असं एक जहाल पत्रक लिहिलं आणि फाडून टाकलं.

फॉन्ट झाला, म्हणजे मावशीच्या अक्षरात आता कुणालाही संगणकावर, मोबाइलवर टाइप करता यायला लागलं. झाला तो सुरेख झाला, हे न लिहिणं खोटेपणा ठरेल. एकच अक्षर शब्दात दोनदा आलं, की दुसऱ्यांदा ते आपोआप थोडं निराळं उमटतं, म्हणजे छापील वाटत नाही. टोप्या वेगवेगळ्या. वेलांटीची उडी जशीच्या तशी. मैत्रिणीने तो सगळ्यांसाठी खुला ठेवला, ज्याला हवा त्याने उतरवून घ्यावा. मावशीला विचारलं होतं का? विचारलं होतं. मावशी म्हणाली, "घेऊ दे की. माजं काय जातंय." सोबतच्या माहितीत मैत्रिणीने लिहिलं, की ही अक्षरं पालघरच्या किनाऱ्यावरच्या एका बाईच्या हातची आहेत.

आणि मग ते अक्षर सुटलं. बोईसरच्या केकच्या दुकानावर आलं. बारशाच्या आमंत्रणावर आलं. "हॅपी अॅनिव्हर्सरी आई-बाबा" च्या फ्लेक्सवर आलं. वाणगावच्या एका शेतकऱ्याने मिरचीच्या खोक्यांवर छापून घेतलं आणि त्यातला र खरंच मिरचीसारखा दिसायला लागला. लहान मुलांच्या शाळेची भिंत, टेम्पोची पाठ, आइस्क्रीमची गाडी, हळदीचा बॅनर. जिथे लोकांना खूश करायचं असतं तिथे ते दिसायला लागलं. लोक मैत्रिणीचं कौतुक करायचे. माझ्यासमोर करायचे, कारण मी तिची मैत्रीण. मी म्हणायचे, हो, छान आहे. आणि मनात म्हणायचे, अगं बाई, ते पिंप माझ्या घरचं आहे.

आमच्या गटातल्या लोकांनीही हट्ट धरला. बाजारात मासळी विकायला बसणाऱ्या बायकांसाठी संडास हवा, असं आमचं पत्रक होतं. ते या नव्या अक्षरात करू या, तुमच्या मैत्रिणीला सांगा. मी विरोध केला. मागणी ही मागणीसारखी दिसली पाहिजे, बारशासारखी नाही, असं म्हटलं. मतदान झालं, मी हरले. बोईसर स्टेशनाबाहेर आम्ही ते वाटलं. कारखान्याची पाळी सुटली होती. एका कामगाराने कागद घेतला, हसला आणि विचारलं, "किसका बर्थडे है, दीदी?" मी त्याला काहीतरी तिरकं बोलणार होते. पण तो कागद घेऊन बाजूला उभा राहिला आणि खालपर्यंत वाचत राहिला. मराठी होतं तरी. वाचून झाल्यावर परत आला आणि म्हणाला, हे तर खरं आहे, माझी बायको पण भाजी विकते. माझं एकही पत्रक आजवर कुणी बाजूला उभं राहून वाचलेलं नाही. घडी घालून खिशात, नाहीतर पायाखाली. त्या दिवशी मला माझ्याच चळवळीच्या यशाचा राग आला. शब्द माझे होते आणि वाचलं गेलं ते अक्षर.

हे असं चाललं असताना दसरा आला, आणि दुसऱ्या दिवशी ती पाटी.

मावशीच्या वलांडीला लागून जिची वलांडी आहे, ती शेजारीण आणि मावशी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आल्या. दोघींच्या दोऱ्या एका खांबाला बांधलेल्या. त्या सकाळी शेजारणीने पाटी वाचली, मावशीकडे बघितलं, आणि त्या खांबावरून आपली दोरी सोडवायला लागली. बाकीच्यांनीही टोपल्या उचलल्या आणि लांब, खडकाच्या बाजूला गेल्या, जिथे ऊन उशिरा येतं आणि कुत्री जास्त. मावशी एकटी उभी राहिली. तिला वाटलं, पाटीमुळे गेल्या. तिने शेजारणीला हाक मारली, अगं थांब, उपटून टाकू ही पाटी. तेव्हा शेजारीण वळली.

"लिवायची बी तू आनि उपटायची बी तू?"

मावशीला कळेना. मग तिने पाटीकडे नीट पाहिलं. आपली वेलांटी. आपल्या टोप्या. आपला लोंबता बोंबील, "हं" च्या पुढे. ती म्हणाली, मी नाही लिहिलं हे. शेजारीण म्हणाली, "आमी काय आंदळ्या हाव? बोया कोनाचा ते लांबून कळतं आमाला."

हे मला मावशीने नंतर सांगितलं, तेही मी खोदून खोदून विचारल्यावर. मधले काही दिवस ती गप्प होती. पालघरच्या बाजाराला सुकी मासळी घेऊन जाणाऱ्या बायका टेम्पो ठरवतात, त्यात तिची जागा पुढच्या बाकावर ठरलेली. त्या आठवड्यात टेम्पो तिच्या दारावरून न थांबता गेला. ती रिक्षाने आली आणि बाजारात वेगळ्या कोपऱ्यात बसली. तिथे मला दिसली. मी विचारलं, इथे का? म्हणाली, ऊन लागतं तिकडे. मावशी आणि उन्हाची तक्रार. तेव्हा मी तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि सगळं काढून घेतलं.

शेवटी ती एवढंच म्हणाली, "अक्षर माजं हाय. बोल माजा नाय. आता हे कोनाला कसं सांगू?"

मला काय वाटलं ते सांगते. राग आला, तो खरा. पण रागाच्या खाली एक ऊबही होती. आता मावशीला कळेल, असं वाटलं. आता ती ओटीवर बसून हसणं बंद होईल. कोण आपलं आणि कोण आलेलं, हे तिला समजेल. तशीच उठले आणि बोईसरला मैत्रिणीच्या दारात गेले.

तिला पाटीचा फोटो दाखवला. ती आधी म्हणाली, अरे वा, इथेही. मग तिने मजकूर वाचला. मी तिला सगळं ऐकवलं. किनारा, दोरी, टेम्पो. ती म्हणाली, मी काय करू, फॉन्ट म्हणजे ब्रश आहे, ब्रशने कोण काय लिहील ते ब्रश बनवणाऱ्याच्या हातात नसतं. हे ती शिकलेली असणार, इतकं पटकन आलं. मी म्हटलं, "तू ब्रश नाही वाटलास. तू तिचा हात वाटलास." त्यावर तिने फोटो बोटांनी मोठा करून परत बघितला. नंतर म्हणाली, तो मालक आपल्या साध्या टाइपात लिहिता तर काय झालं असतं? मी म्हटलं, बायकांनी पाटी उपटून चुलीत घातली असती. ते ‘हं’ आणि तो तारामासा बघून भांडायचं कुणाशी, हेच कळत नाही. म्हणून तर त्याने हे अक्षर निवडलं.

मी मोर्चाची तयारी करून आले होते. घोषणाही मनात तयार होत्या. मैत्रीण म्हणाली, मोर्चा नंतर, आधी मला त्या बायकांकडे ने. मी म्हटलं, मावशी तुझं तोंडही बघणार नाही.

मावशीने तिला बघितलं आणि म्हणाली, "आलीस, बाय? जेवलीस?"

मी आत जाऊन पाणी प्यायले.

संध्याकाळी बायका सुकलेली मासळी उतरवत होत्या, खडकाच्या बाजूला. मैत्रीण थेट शेजारणीकडे गेली. आपला मोबाइल तिच्या हातात दिला आणि म्हणाली, काकी, यावर काहीतरी लिहा. शेजारीण म्हणाली, काय लिहू? मैत्रीण म्हणाली, जे तोंडात येईल ते. शेजारणीचा नातू तिला मोबाइलवर निरोप लिहायला लावतो, त्यामुळे अंगठा चालतो. तिने मावशीकडे रोखून बघत एक एक अक्षर दाबलं. पडद्यावर आलं: "ही बाय खोटारडी". मावशीच्या अक्षरात. टोप्यांसकट, उडी मारणाऱ्या वेलांटीसकट.

शेजारीण पडद्याकडे बघत राहिली. मग तिने मावशीच्या हाताकडे बघितलं. मावशीच्या दोन्ही हातांत बोंबील होते.

"परत लिव," मागून कुणीतरी म्हणालं. तिने परत लिहिलं, या वेळी आपल्या नवऱ्याबद्दल, ते इथे छापण्यासारखं नाही. तेही मावशीच्या अक्षरात आलं. बायकांना हसू फुटलं. मोबाइल हातोहात फिरायला लागला. एकीने सासूला शिवी लिहिली, एकीने सरपंचाला. एकीने नुसतं आपलं नाव लिहिलं, परत परत, आणि म्हणाली, बघ किती छान दिसतंय, माझ्या लग्नाच्या पत्रिकेतही असं नव्हतं. शेजारणीने मावशीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, "मंग तोंड नव्हतं तुला? बोलायचं ना." मावशी म्हणाली, बोलले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या जुन्या जागी परतल्या. शेजारणीने आपली दोरी मावशीच्या खांबाला बांधली, आणि तिचं दुसरं टोक ताणून त्या पिवळ्या पाटीच्या खांबाला. पाटीवर दिवसभर बोंबील वाळत राहिले. मालकाचा माणूस आला, बघून गेला. नंतर पाटी नाहीशी झाली. माझ्या मोर्चाची गरज पडली नाही. एका मोबाइलने काम केलं, तोही माझा नाही. सगळ्या बायका मैत्रिणीला जवळा बांधून देत होत्या आणि मी बाजूला उभी राहून विचार करत होते, की हे मला का नाही सुचलं. अजून करते.

पण गोष्ट तिथे मिटली नाही. त्या संध्याकाळी, हसणं ओसरल्यावर, शेजारणीनेच एक विचारलं होतं. मस्करीत नाही, खरंच. "म्हनजे उद्या कोन पन तुज्या हातानं काय पन लिवील?" मैत्रिणीने मोबाइल परत घेतला आणि पिशवीत ठेवला. मावशी उरलेले बोंबील टोपलीत भरायला लागली.

या पावसाळ्यात बोये रंगवायची वेळ आली. आळीतल्या लोकांनी नेहमीसारखी पिंपं मावशीच्या ओटीवर आणून ठेवली. तिने ब्रश काढलाच नाही. मी गेले, तेव्हा पिंपं तशीच कोरी, एकावर एक. मी म्हटलं, मावशी, अगं सगळ्यांना माहीत आहे आता. ती म्हणाली, आळीला माहीत आहे. दर्याला काय माहीत? उद्या तिकडे डहाणूला कुणी माझ्या अक्षरातली मनाई वाचली, आणि परवा त्याला माझा बोया सापडला, तर तो आणून देईल? का देईल?

मी उगाच म्हटलं, एकच तर पाटी होती. मग बघायला लागले, आणि एक नव्हती. बोईसरच्या एका सोसायटीच्या गेटवर: "फेरीवाल्यांनी आत येऊ नये बरं का!" एका बागेत: "झोपायला घरी जा ना!" खाली बाकावर कुणी आडवं होऊ नये म्हणून मधोमध लोखंडी दांडा. पालघरच्या एका हॉटेलात: "ड्रायव्हर मंडळी, प्लीज बाहेरच!" सगळीकडे तोच लोंबता बोंबील. हसतमुखाने हाकलायचं काम माझ्या मावशीच्या हाताला लावलेलं. दवाखान्याबाहेर "चपला बाहेर काढा" होतं, त्याचाही फोटो तिला दाखवला. ती म्हणाली, "चपला असूं दे. चपला चालंल."

बाकीच्यांचं काय, ते तिने मला नाही, मैत्रिणीला सांगितलं. मैत्रीण त्या दिवशी तिच्या पायाशी बसली होती, मी दारात उभी. "ज्या दिवशी माज्या हाताची मनाई कुटं दिसनार नाय, त्या दिवशी ब्रश काडीन." मैत्रिणीने फॉन्टसोबत अट घातली, की माणसांना मज्जाव करणाऱ्या मजकुरासाठी ही अक्षरं वापरू नयेत. ती अट कोण वाचतं? मीही कधी कुठल्या फॉन्टची अट वाचलेली नाही. मैत्रीण रडवेली होऊन म्हणाली, परत घेता येत नाही गं, सुटलंय ते. आणि तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, हे काम तिचं नाही. तिला छान दिसणारं करता येतं. उभं, पोलिसासारखं, तोंडावर सांगणारं मला येतं.

म्हणून हे तुम्हाला सांगते, वाचणाऱ्याला, मधे कुणाला न घेता. तुमच्या सोसायटीच्या गेटवर, दुकानाच्या दारावर, मंडळाच्या मैदानावर जाऊन बघा. उड्या मारणाऱ्या, टोप्या घातलेल्या अक्षरांत कुणाला "येऊ नका, बसू नका, विकू नका" म्हटलेलं असेल, तर ती पाटी आज उतरवा. बारसं करा, केक विका, मिरची विका, आमची हरकत नाही. पण माणसाला हाकलायचंच असेल, तर स्वतःच्या हाताने लिहा, आणि खाली स्वतःचं नाव घाला.